काकूच्या पोटावर नसलेला व्रण

काकूला मूल झालेलं आहे, ही बातमी काकूला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी एका अनोळखी बाईच्या तोंडून कळली. ते मूल म्हणजे मी.

हे सांगितलं की लोक माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघतात, म्हणून पहिल्यापासून सांगते.

काकू म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. काका आणि काकू या देशात आले ते रीतसर. काकांना मालाच्या गोदामात नोकरी होती, व्हिसा होता, दोघांची आरोग्य कार्डं होती. आल्यावर तीन महिन्यांत काकूनं एका धुलाई कारखान्यात काम धरलं. तिथे हॉटेलांच्या चादरी यायच्या, दिवसाला हजारोंनी. तापलेल्या रोलरचं बसएवढं लांब यंत्र होतं. दोघी बायकांनी ओल्या चादरीची दोन टोकं धरायची, झटका देऊन ताणायची आणि रोलरच्या तोंडाशी लावायची. टोक जरा तिरकं गेलं की चादर आत गोळा होते आणि सगळं काम थांबतं. काकूची चादर कधी तिरकी गेली नाही. बाबांनी तिचं नाव 'काटकोन' ठेवलं होतं, अर्थात पाठीमागे.

ते नाव फक्त चादरींवरून पडलेलं नव्हतं. एकदा बसमधलं तिकिटाचं यंत्र बिघडलं आणि सगळे जण फुकट गेले. दुसऱ्या दिवशी काकूनं ड्रायव्हरला गाठून दोन तिकिटं फाडायला लावली, एक आजचं आणि एक कालचं. ड्रायव्हरला काही कळेना. मागे रांग खोळंबली. बाबा ही गोष्ट नक्कल करून सांगायचे आणि आई तोंडाला पदर लावून हसायची. पण घरात कुणाला काही चोरून करायचं असलं की पहिला प्रश्न हाच असायचा: काकूला कळणार नाही ना?

आई-बाबा नंतर आले, पाहुणे म्हणून. पाहुण्यांचा व्हिसा तीन महिन्यांचा होता. तो संपला आणि ते राहिले. बाबा घरं रंगवायचे, आई घरी बसून कपडे लहान-मोठे करून द्यायची. दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. आतली खोली काका-काकूंची, बाहेरची आमची. रस्त्यात पोलिसांची गाडी दिसली की बाबा दुकानाच्या काचेत वस्तू न्याहाळायला लागत. एकदा ते असेच दहा मिनिटं बायकांच्या चपला बघत उभे होते.

मग आईला दिवस गेले.

त्या वेळी ओळखीच्या मंडळींत एकच गोष्ट सगळे एकमेकांना सांगायचे: कार्ड नसताना दवाखान्यात नाव नोंदवलंस की ते नाव वर जातं, आणि आठ दिवसांत दारावर थाप पडते. हे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. कुणाच्या तरी मेहुण्याच्या मित्राचं तसं झालं होतं म्हणे. पण भीतीला तेवढं पुरतं. आईनं पहिले सहा महिने एकही डॉक्टर पाहिला नाही. सातव्या महिन्यात तिचे पाय सुजले, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. बाबा काकांना बाजूला घेऊन बोलले. कागदपत्रांचा डबा काकांकडे असायचा. काकूला इथली भाषा कामापुरती बोलता यायची, वाचता येत नसे. पत्रं, फॉर्म, बिलं सगळं काकाच बघत. त्या डब्यात काकूचं आरोग्य कार्ड होतं. त्या काळी त्यावर फोटो नव्हता, फक्त नाव आणि नंबर.

काकूला मूल नव्हतं. इथे येण्याआधी नऊ वर्षं तपासण्या, औषधं, उपास, सगळं करून झालं होतं. इथे आल्यावर तिनं तो विषय बंद केला. घरात कुणी तिच्यापुढे तो काढत नसे.

आई शेवटचे दोन महिने 'दुसऱ्या शहरात, बाबांच्या मित्राच्या घरी' राहिली, तिथे एक ओळखीची सुईण आहे, असं काकूला सांगण्यात आलं. ते दुसरं शहर आमच्या घरापासून अकरा बसस्टॉप दूर होतं. आईचं सिझेरियन झालं. काकांनी काकूचा नवरा म्हणून सह्या केल्या. जन्मदाखल्यावर आई म्हणून काकू लागली, वडील म्हणून काका. मी सव्वा महिन्याची झाल्यावर आई मला घेऊन घरी आली. काकूनं दारात मला हातात घेतलं आणि म्हणाली, "अगदी आमच्या घरचं नाक आहे." आई आत जाऊन रडली. काकूला वाटलं, प्रवासानं थकली असेल.

मला न्हाऊ घालायची ती काकू. कामावरून आल्यावर तिच्या हातांना वाफेचा आणि साबणाचा वास यायचा, बोटांच्या टोकांना रोलरचे चटके असायचे, आणि त्या हातांनी ती माझ्या टाळूवर तेल थापायची. शाळेत घातलं तेव्हा बाबांनी मला समोर बसवून शिकवलं, की शाळेत कुणी आईचं नाव विचारलं तर काकूचं पूर्ण नाव सांगायचं. आणि हे काकूला बोलायचं नाही. मी ते बिनघोर पाठ केलं. मला वाटायचं, सगळ्याच मुलांच्या आयांची दोन नावं असतात, जसे शाळेचे कपडे वेगळे आणि घरचे वेगळे. आई मला न्यायला यायची तेव्हा बाई तिला काकूच्या नावानं हाक मारायच्या आणि ती 'ओ' द्यायची.

अशी नऊ वर्षं गेली.

काकूला रक्तस्राव सुरू झाला तेव्हा तिनं कुणाला सांगितलं नाही. बाईच्या जातीला या वयात असं व्हायचंच, असं म्हणून ती गडद रंगाचे कपडे घालायला लागली. आठ महिने तिनं असे काढले. चेहरा तिनं धुतलेल्या चादरीसारखा झाला होता. एका सकाळी, यंत्र सुरू असताना, ती चादरीचं टोक हातात धरूनच खाली बसली. पलीकडचं टोक धरणाऱ्या बाईनं प्रसंगावधान राखून लाल बटण दाबलं म्हणून बरं. नाहीतर चादरीबरोबर काकूचा हात रोलरमध्ये गेला असता. मुकादमानं रुग्णवाहिका बोलावली. काकांना फोन केला, पण ते गोदामात फोर्कलिफ्टवर होते, फोन कपाटात.

काका बरोबर असते तर त्यांनीच भाषांतर केलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. ते नव्हते, म्हणून डॉक्टरीण बाईंनी दुभाषी मागवली. दुभाषी म्हणजे टेबलावर ठेवलेला एक काळा फोन, ज्याचा आवाज खोलीभर ऐकू येतो. त्यातून एक बाई आपल्या भाषेत बोलायला लागली. तो आवाज ऐकून काकूला इतकं बरं वाटलं की तिनं आधी तिलाच विचारलं, "तुम्ही कुठून बोलता, जेवण झालं का?"

पुढचं सगळं काकूनं मला मोठेपणी शब्दन् शब्द सांगितलं आहे.

"ताई," फोनमधली बाई म्हणाली, "डॉक्टर म्हणतात तुमच्या गर्भाशयात मोठ्या गाठी आहेत. ऑपरेशन करावं लागेल. रक्तही द्यावं लागेल."

"बरं," काकू म्हणाली.

"डॉक्टर म्हणतात, आधी सिझेरियन झालेलं असलं की आतले भाग एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून त्यांना जास्त काळजी घ्यावी लागेल. ते टाके घातल्यानंतर तुम्हाला कधी त्रास झाला होता का?"

"कुठले टाके?"

"सिझेरियनचे, ताई."

"कुणाच्या?"

फोनमधल्या बाईनं डॉक्टरीण बाईंना काहीतरी विचारलं, त्यांनी संगणकाकडे बघून काहीतरी सांगितलं.

"ताई, नोंदीत असं आहे की नऊ वर्षांपूर्वी याच दवाखान्यात तुमचं सिझेरियन झालं. मुलगी झाली. अडीच किलो."

काकू म्हणाली, तिला पहिल्यांदा हसूच आलं. "अहो बाई, चुकीचा कागद काढलाय त्यांनी. मला मूल नाही."

डॉक्टरीण बाईंनी नाव वाचलं. काकूचं. जन्मतारीख वाचली. काकूची. पत्ता वाचला, तो जुना, पण आमचाच. नवऱ्याचं नाव वाचलं. मग त्यांनी काकूला आडवं व्हायला सांगितलं, कपडा बाजूला केला आणि ओटीपोटावरून दोन बोटं फिरवली, इकडून तिकडे. परत फिरवली. काकूच्या पोटावर साधा ओरखडासुद्धा नव्हता.

तेवढ्यात प्रयोगशाळेतून कागद आला. काकूचं रक्त 'ओ' गटाचं निघालं होतं. नोंदीतलं रक्त 'ए' होतं.

"ताई," फोनमधला आवाज आता जपून बोलत होता, "डॉक्टर म्हणतात, माणसाचा रक्तगट असा बदलत नाही. ही दोन वेगळ्या बायकांची रक्तं आहेत. त्या विचारतात, तुमचं कार्ड कधी दुसऱ्या कुणी वापरलं होतं का?"

"नाही," काकू म्हणाली. आणि नाही म्हणता म्हणता तिला ती तारीख आठवली. डॉक्टरीण बाईंनी मुलीच्या जन्माची तारीख वाचली होती. माझ्या वाढदिवसाला दर वर्षी घर झाडून, फुगे फुगवून, सगळा थाट तीच करायची.

"ताई? ऐकताय ना?"

फोनमधल्या बाईनं मग, नियमात बसत नसेल, पण स्वतःहून विचारलं, "ताई, तुमच्याबरोबर कुणी आहे का तिथे?"

त्या दिवशी त्यांनी रक्त पुन्हा काढलं, तीन वेगवेगळ्या वेळी, तीन वेगळ्या माणसांनी, आणि काकूला 'ओ' गटाच्या दोन पिशव्या चढवल्या. ऑपरेशनची तारीख दोन आठवड्यांनंतरची दिली. त्याआधी एकदा येऊन जुन्या नोंदीचा खुलासा करायचा होता. काका संध्याकाळी धावत आले, पण ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते तिला घरी घेऊन आले.

मी जमिनीवर बसून चित्र रंगवत होते. आई स्वयंपाकघरात होती, बाबा आंघोळीला. काकू चपला न काढताच आत आली, माझ्यासमोर उकिडवी बसली. तिच्या मनगटावर दवाखान्याची प्लॅस्टिकची पट्टी होती.

"बाळा," ती म्हणाली, "तुझ्या आईचं नाव काय गं?"

मी रंगवता रंगवता विचारलं, "शाळेतलं की घरातलं?"

मी आता पस्तिशीची आहे. अपघात पाहिलेत, माणसं जाताना पाहिलीत. पण त्या वाक्यानंतर काकूच्या चेहऱ्याचं जे झालं तसं मी पुन्हा कुठे पाहिलं नाही. तिनं तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. तोपर्यंत तिला वाटत असावं की नवरा आणि दीर, फार तर जाऊ, यांच्यातली ही भानगड. नऊ वर्षांच्या पोरीलासुद्धा माहीत होतं. या घरात ज्याला माहीत नव्हतं असं एकच माणूस होतं.

ती उठली आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावून घेतली.

मग दाराबाहेर सगळ्यांची सभा भरली. काका दाराला तोंड लावून बोलत होते.

"अगं, तिची अवस्था तू पाहिली नाहीस. पाय हे एवढाले सुजले होते. दोघींपैकी एक तरी गेली असती."

काकांनी दार पुन्हा ठोठावलं.

"तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस का? बसच्या तिकिटावरून रांग अडवणारी तू!"

"वहिनी," बाबा म्हणाले, "तुम्हाला विचारायची हिंमत झाली नाही. तुम्हाला मूल नाही, आणि तुमच्याच नावावर..."

आई भिंतीला टेकून उभी होती.

संध्याकाळी काकूनं दार उघडलं. काकांची उशी आणि पांघरूण बाहेर ठेवलं, आणि एवढंच म्हणाली, "यांची गादी स्वयंपाकघरात घाला."

पुढचे दहा दिवस घरात भांड्यांचाच आवाज. काकू माझ्याकडे बघायची आणि नजर काढून घ्यायची. मला न्हाऊ घालणं बंद झालं, केस विंचरणं बंद झालं. मी जवळ गेले तर ती उठून जायची. मला वाटलं, मी काहीतरी फोडलंय किंवा सांडलंय, आणि काय ते मला कुणी सांगत नव्हतं. एकदा मी झोपलेय असं समजून ती माझ्याजवळ येऊन बसली आणि माझा चेहरा बघत राहिली, एखादं यंत्र उघडून त्यातला बिघाड शोधावा तशी.

काकांनी तोडगा काढला होता. दवाखान्यात जाऊन सांगायचं की चूक तुमची आहे, तुमच्या माणसानं दोन नोंदी एकत्र केल्या. "त्यांनाही ते बरंच आहे. कोण खोलात जातंय?"

काकू दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली. "माझ्या पोटाबद्दल मी खोटं बोलायचं, आणि ते मला फाडणार. उद्या आत काय आहे, काय नाही, ते कुठल्या कागदावरून ठरवतील? तुमच्या?"

"मग खरं सांग आणि टाक आम्हाला सगळ्यांना तुरुंगात," काका म्हणाले. "पोरीला पण."

खरं म्हणजे पेच तोच होता. खरं बोललं तर आई-बाबांना देशाबाहेर काढतील, काकांवर खटला होईल, माझा जन्मदाखला रद्द होईल. न बोललं तर काकूच्या नावापुढे कायमची दुसरीच बाई राहील, वेगळ्या रक्ताची. काकूनं नंतर मला सांगितलं, तिनं ठरवलं होतं की न बोलताच ऑपरेशनला जायचं, जे होईल ते होईल. त्याच्यात माया किती आणि राग किती, हे तिला स्वतःला सांगता येत नव्हतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी काकू निघाली. काका येतो म्हणाले, तिनं हातानं थांबवलं. तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं कोट घातलेला होता. माझी शाळा आणि कोपऱ्यावरचं दुकान यांपलीकडे सहसा न जाणारी माझी आई चपला शोधत होती.

"कुठे निघालीस?" बाबा म्हणाले.

"जाऊबाईंबरोबर."

"वेड लागलंय का तुला? तिथे कॅमेरे आहेत, पहारेकरी आहेत."

आईनं माझा हात धरला, कारण माझ्या शाळेला सुट्टी होती आणि तिला बहुतेक मला सोडून जायचं नव्हतं, पुन्हा घरी येता आलं नाही तर. आम्ही तिघी बसमध्ये चढलो. काकू पुढे बसली, आम्ही मागे. अकरा स्टॉप काकूनं मागे वळून पाहिलं नाही.

डॉक्टरीण बाईंच्या खोलीत तोच काळा फोन होता. या वेळी आवाज एका पुरुषाचा होता, सर्दी झालेला. त्यानं नमस्कार केला आणि सांगितलं, "डॉक्टर विचारतात, जुन्या नोंदीबद्दल तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

काकूनं माझ्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे. "नाही," ती म्हणाली.

तेव्हा माझी आई पुढे झाली. तिनं कोट काढून माझ्या हातात दिला. निऱ्या खाली सरकवल्या, पोटावरचा कपडा वर घेतला. माझी आई, जी माझ्यासमोरसुद्धा कधी कपडे बदलत नसे.

"हा व्रण माझा आहे," ती म्हणाली. "रक्त माझं आहे. ही मुलगी माझी आहे. यांचा काही दोष नाही, यांना माहीतच नव्हतं."

फोनमधल्या माणसानं नाक ओढलं आणि ते सगळं त्या भाषेत सांगितलं. डॉक्टरीण बाई काही लिहीत होत्या, त्यांचं पेन थांबलं. काकू खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. ती आईच्या पोटाकडे बघत होती, त्या आडव्या, फिकट, सुरकुतलेल्या रेघेकडे. मग तिनं स्वतःच पुढे होऊन आईचा कपडा नीट खाली केला.

"उघडी राहू नकोस," ती म्हणाली. "थंडी आहे."

डॉक्टरीण बाईंनी कुणालातरी फोन केला. बाबांनी सांगितलेले पहारेकरी येणार म्हणून आईनं मला घट्ट धरलं. तिची नखं माझ्या खांद्यात रुतली. आली ती एक जाडजूड चष्मेवाली बाई, कापडी पिशवी खांद्याला, हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद. दवाखान्यातली समाजसेविका. तिनं आधी सांगितलं की इथे बोललेलं तुमच्या परवानगीशिवाय या दाराबाहेर जाणार नाही. मग सगळं ऐकून घेतलं. शेवटी तिनं आईला एक प्रश्न विचारला, आणि तो भाषांतर करणाऱ्या माणसालाही दोनदा विचारून घ्यावा लागला.

"त्या विचारतात, तुम्ही कार्ड का वापरलंत?"

"माझ्याकडे नव्हतं म्हणून," आई म्हणाली.

"त्या म्हणतात, बाळंतपणाला कार्ड लागत नाही. कुणालाच लागत नाही. दारात आलेल्या गरोदर बाईला दाखल करून घ्यावंच लागतं, कागद असोत नसोत. आणि नाव कुणालाही कळवायची दवाखान्याला बंदी आहे. तेव्हाही होती."

आई म्हणाली, "नाही."

"तसं नाही, त्या म्हणतात..."

"नाही, असं नाहीये ते. सगळे सांगत होते."

समाजसेविकेनं दार उघडून बाहेरच्या भिंतीवरचा फलक दाखवला. अकरा भाषांत लिहिलेला होता. आपली त्यात नव्हती. माझी आई नऊ वर्षांपूर्वी, कळा येत असताना, त्याच फलकाखालच्या बाकावर दीड तास बसली होती, दुसरीचं नाव पुटपुटत, विसरू नये म्हणून. ती दारातच खाली बसली, फरशीवर, आणि तिला कुणी उठवायला गेलं की म्हणायची, "थांबा जरा." मला वाटतं, पकडलं गेल्याचा धक्का तिनं सोसला असता. हे सगळं करायची गरजच नव्हती, हे तिला सोसेना.

काकू तिच्याशेजारी फरशीवर बसली. बराच वेळ. येणारी-जाणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती.

काकूचं ऑपरेशन वेळेवर झालं. गर्भाशय काढलं. नोंदीवर डॉक्टरीण बाईंनी लिहिलं की आधीची माहिती या रुग्णाची नाही, ती वापरू नये. समाजसेविकेनं फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या एका वकील बाईंशी गाठ घालून दिली, त्यांच्या सल्ल्यानं आम्ही स्वतःहून सगळं सरकारी कचेरीत कबूल केलं आणि मग पुढची दोन वर्षं आमच्या घरात फक्त कागद शिजत होते. थुंकीची तपासणी झाली, मी कुणाची हे ठरवायला. काकांना शिक्षा म्हणून दोनशे तास सार्वजनिक बागेत झाडलोट करावी लागली. आईला माझ्याबरोबर राहायची परवानगी मिळाली. बाबांना मात्र मिळाली नाही, त्यांच्या नावावर देश सोडायचा एक जुना हुकूम निघालेला होता. ते गेले आणि चार वर्षं तिकडेच होते. चौथ्या वर्षी रीतसर व्हिसा घेऊन परतले तेव्हा मी त्यांच्या खांद्याला लागले होते, आणि त्यांना माझ्याशी काय बोलावं ते सुचत नव्हतं. आमचं घर खरं बोलून वाचलं असं मला कुणी म्हटलं, तर मी त्यांना ती चार वर्षं सांगते.

दुरुस्त केलेला जन्मदाखला टपालानं आला तेव्हा आई शिवत होती. काकूनं पाकीट उघडलं. तोपर्यंत ती रात्रशाळेत जाऊन इथली अक्षरं वाचायला शिकली होती, कागदांचा डबाही आता तिच्याकडे होता. तिनं बोट ठेवून वाचलं. आईच्या नावाच्या जागी माझी आई. वडिलांच्या जागी बाबा. तिनं तो कागद आईला दिला, आत गेली आणि त्या दिवशी जेवली नाही. आईनं दोनदा ताट नेलं, दोनदा परत आणलं.

आईला काकूनं माफ केलं. कधी केलं ते दोघींनाही सांगता यायचं नाही, पण केलं. काकांची गादी आतल्या खोलीत परत गेली; बोलणं मात्र पूर्वीसारखं झालं नाही. काका जाईपर्यंत ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली, जेवायला चला, औषध घ्या, दार लावा.

कारखान्यातली नोकरी सुटल्यावर काकू त्या दवाखान्यात बसायला लागली. कुणी नेमलेलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर विणकाम घेऊन बसायची आणि आपली भाषा कानावर पडली की उठून उभी राहायची. "कार्ड नाही? मग काय झालं? आत चल, मी येते बरोबर." फलकावर बारावी भाषा यावी म्हणून तिनं चार अर्ज केले. पाचव्या अर्जाला फलक बदलला. त्यात एक काना चुकलेला होता, तो तिनं पेनानं दुरुस्त केला, आणि तसं करून आल्याचं खिडकीवरच्या माणसाला जाऊन सांगितलं.

माझी मुलगी झाली त्याच दवाखान्यात. काकू तेव्हा सत्तरीच्या पुढे होती. बाळाला मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती, आई खाली काहीतरी आणायला गेली होती. इतक्या वर्षांत न विचारलेलं मी विचारलं.

"काकू, त्यांनी तुला आधी विचारलं असतं, तर तू कार्ड दिलं असतंस?"

ती बाळाच्या तळव्याला अंगठा लावून बघत होती, ते बोटं मिटतं का.

"रोज वेगळं उत्तर येतं," ती म्हणाली. "कधी वाटतं दिलं असतं. वाटतं, मीच तुझ्या आईला हाताला धरून आणलं असतं इथे. कधी वाटतं, तिला हाकलून दिलं असतं घरातून. आपण कसे आहोत ते कळायची एवढी मोठी वेळ आली होती माझ्या आयुष्यात, आणि मी त्या दिवशी कामावर होते. चादरी लावत."

बाळ रडायला लागलं. तिनं ते माझ्याकडे दिलं.

"भूक लागलीय तिला," ती म्हणाली. "घे."